एका जेरीकॅनचे ओझे

सियाचीनच्या सर्वांत उंच चौक्यांवर चीता हेलिकॉप्टर एका फेरीत जेमतेम २०-२५ किलो सामान पोचवू शकते. वीस लिटर रॉकेलचे वजन सुमारे १६ किलो भरते, त्यात ते ज्या जेरीकॅनमध्ये भरले आहे त्याचे वजन मिळवले की त्या फेरीचा हिशेब संपला. ठाण्यात आमच्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत गॅसचा भरलेला सिलिंडर खांद्यावर घेऊन चौथ्या मजल्यापर्यंत चढणारा माणूस याहून जास्त ओझे आणतो. तेवढ्या रॉकेलसाठी तिकडे एक यंत्र उडते, दोन वैमानिक प्राणवायूचे मास्क लावून बसतात, आणि खाली तळावर ते परत येईपर्यंत कोणी जागचे हलत नाही. त्या रॉकेलवर वरच्या चौकीतली शेगडी पेटते, बर्फ वितळवून पिण्याचे पाणी होते, आणि आठ-दहा जवानांचा आणखी एक दिवस निघतो.

ओझे एवढे कमी का, याचे उत्तर हवेत आहे. हेलिकॉप्टरची पाती हवा खाली ढकलतात आणि त्या ढकलण्याच्या बळावर यंत्र वर राहते. समुद्रसपाटीच्या मानाने सहा हजार मीटर उंचीवर हवेची घनता निम्म्याहून किंचितच जास्त उरते, त्यामुळे तीच पाती तेवढ्याच वेगाने फिरली तरी त्यांच्या वाट्याला ढकलायला जवळपास अर्धीच हवा येते. इंजिनालाही जळणासाठी तीच हवा हवी असते आणि आत बसलेल्या माणसांनाही. पाती, इंजिन आणि माणूस अशा तिघांची एकाच वेळी उपासमार होते, आणि ती भागवायला वैमानिकाकडे एकच उपाय असतो, तो म्हणजे वजन कमी करणे. मग नको असलेली आसने निघतात, इंधन फक्त जाण्यायेण्यापुरते आणि थोडे राखीव एवढेच घेतले जाते, आणि उरलेल्या फरकात बसेल तेवढे रॉकेल, पीठ, औषधे, पत्रे.

या चौक्यांवर उडणाऱ्या हेलिकॉप्टरांत वायुसेनेची हेलिकॉप्टरे आहेत, तशीच भूसेनेच्या स्वतःच्या हवाई शाखेची, म्हणजे आर्मी एव्हिएशन कोअरचीही आहेत. भूसेनेला स्वतःचे वैमानिक असतात आणि हिरव्या गणवेशातला अधिकारी स्वतः हेलिकॉप्टर चालवतो, हे आपल्याकडच्या बहुतेकांना ठाऊक नसते. आकाशात जे उडते ते वायुसेनेचे आणि समुद्रावर जे उडते ते नौदलाचे, इथपर्यंतच आपली सर्वसाधारण समजूत असते. मला या शाखेविषयी बरीच वर्षे ओढ वाटत आली आहे आणि तिला दोन माणसे कारण आहेत. एक माझे मामा, जे तोफखान्यात होते. दुसरे आमच्याच इमारतीत मुलाकडे राहायला आलेले सातारा जिल्ह्यातले एक निवृत्त नायब सुभेदार, ज्यांचे सगळे नोकरीचे आयुष्य चीता आणि चेतक हेलिकॉप्टरांच्या दुरुस्तीत गेले.

या शाखेचा उगम तोफखान्यात आहे, म्हणून आधी मामांकडे जावे लागेल. ठाण्याहून नाशिककडे जाणारी गाडी कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरी मागे टाकते आणि थोड्या वेळाने देवळाली येते. देवळालीला तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र आहे आणि तिथल्या माळरानावर तोफांचा सराव चालतो. सुटीत तिकडे गेलो की दूरवरचा धडाका आधी खिडकीच्या तावदानांत जाणवायचा आणि मग कानांवर यायचा. मामा सांगत असत की तोफ चालवणाऱ्याला आपला गोळा कुठे पडतो हे दिसत नाही. लक्ष्य डोंगराच्या पलीकडे, दहा-पंधरा किलोमीटरवर असते. कोणीतरी पुढे जाऊन, उंचावर बसून, पहिला गोळा कुठे पडला ते पाहायचे आणि मागे कळवायचे, की उजवीकडे इतका घ्या, पुढे इतका टाका. हा पाहणारा माणूस टेकडीवर बसला तर त्याला टेकडीएवढे दिसणार. तो आकाशात बसला तर मैदानातली प्रत्येक घळ त्याच्या डोळ्यांसमोर उघडी.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी यावर जो तोडगा काढला तो मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय वाटतो. वैमानिकाला तोफखाना शिकवण्याऐवजी त्यांनी तोफखान्याच्या अधिकाऱ्याला विमान चालवायला शिकवले. अशा तुकड्यांना एअर ऑब्झर्व्हेशन पोस्ट, म्हणजे हवेतली निरीक्षण चौकी, असे नाव मिळाले. विमाने वायुसेनेची, ती चालवणारे अधिकारी तोफखान्याचे, आणि विमान म्हणजे ऑस्टर, कापड ताणून बसवलेले, एका इंजिनाचे, वर पंख असलेले आणि शेतातल्या एखाद्या सपाट पट्टीवरूनही उडू शकणारे. ब्रह्मदेशातल्या मोहिमेत अशा ऑस्टर विमानांनी मोठी कामगिरी केली. फाळणीच्या वेळी ६५९ क्रमांकाची ब्रिटिश स्क्वॉड्रन मोडून तिची साधनसामग्री भारत आणि पाकिस्तान यांच्यात वाटली गेली, आणि भारताच्या वाट्याला आलेल्या तुकडीतून आपल्या पहिल्या एअर ओपी (एअर ऑब्झर्व्हेशन पोस्ट) फ्लाइटचा, म्हणजे छोट्या हवाई तुकडीचा, जन्म झाला. काश्मीरमध्ये १९४७-४८ साली ती लगेच कामाला लागली.

तोफखान्याचा अधिकारी वर गेला, यातच पुढचे सगळे आले. खाली ज्यांच्यासाठी आपण पाहतो आहोत ती आपल्याच पलटणीची माणसे आहेत, त्यांची भाषा, त्यांची घाई, त्यांची भीती आपल्याला ठाऊक आहे, ही जाणीव असलेला माणूस वैमानिकाच्या आसनावर बसला. पुढे विमाने बदलली, ऑस्टरच्या जागी हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बनवलेले कृषक आले, कृषकच्या जागी हेलिकॉप्टर आले, निरीक्षणाच्या कामात माणसांची ने-आण मिसळली, पण वर बसलेला माणूस खालच्या माणसाचा सगोत्र असावा हा मूळ विचार टिकला. आर्मी एव्हिएशनचे वेगळेपण मी त्यात पाहते.

चेतक आणि चीता ही दोन्ही नावे आपल्याला इतकी घरची वाटतात की ती मुळात फ्रेंच यंत्रे आहेत हे विसरायला होते. चेतक म्हणजे फ्रान्सचे आलुएत-३, ज्याच्या परवान्याचा करार १९६२ साली झाला आणि ज्याची बंगळूरमध्ये जुळणी केलेली पहिली प्रत १९६५ साली उडाली. चीताची गोष्ट अधिक रंजक आहे, कारण ते यंत्र भारताच्या गरजेतूनच निघाले. हिमालयाच्या उंचीवर काम करील असे हलके हेलिकॉप्टर आपल्या सेनेला हवे होते. फ्रेंच अभियंत्यांनी नवे यंत्र आखत बसण्याऐवजी आलुएत-२ चा हलका सांगाडा मजबूत केला आणि त्याला आलुएत-३ चे अधिक ताकदीचे इंजिन आणि पाती जोडली. लहान अंगात मोठे काळीज घातल्यासारखे हे यंत्र मार्च १९६९ मध्ये पहिल्यांदा उडाले, आणि त्याच वर्षी हिमालयातल्या चाचण्यांत ते दोन माणसांसह ७,५०० मीटर उंचीवर उतरले आणि तिथून पुन्हा उडाले. फ्रान्समध्ये त्याचे नाव लामा, आपल्याकडे चीता.

या यंत्राचा एक पराक्रम सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. २१ जून १९७२ रोजी झाँ बुले नावाच्या फ्रेंच चाचणी वैमानिकाने अंगावरचे सगळे अनावश्यक सामान काढून टाकलेले लामा १२,४४२ मीटर उंचीवर नेले, म्हणजे एव्हरेस्टच्याही साडेतीन किलोमीटर वर. तिथे इंजिन विझले आणि पुन्हा पेटेना. तेवढ्या उंचीवरून बुले इंजिनाशिवाय खाली आला आणि सुखरूप उतरला. हेलिकॉप्टरचे इंजिन बंद पडले तर ते दगडासारखे कोसळते असा समज सर्रास असतो, तो खरा नाही. खाली येताना खालून वर जाणाऱ्या वाऱ्यावर पाती फिरत राहतात, वैमानिक त्यांचा कोन अचूक सांभाळून तो वेग साठवतो, आणि जमिनीपासून थोड्या अंतरावर तोच साठवलेला वेग उचल म्हणून खर्च करतो. याला ऑटोरोटेशन म्हणतात आणि प्रत्येक हेलिकॉप्टर वैमानिकाकडून ते पुन:पुन्हा घटवून घेतले जाते. मात्र त्यासाठी खाली उतरण्याजोगी जागा हवी, आणि हिमनदीवर भेगांनी फाटलेल्या बर्फाखेरीज खाली काहीही नसते.

१ नोव्हेंबर १९८६ रोजी आर्मी एव्हिएशन कोअर स्वतंत्र झाली. तोवर तोफखान्याचे अधिकारी वायुसेनेच्या मालकीच्या यंत्रांवर उडत होते. आता यंत्रेही भूसेनेची झाली. या निर्णयामागे दोन सेनादलांतली जुनी ओढाताण होती. जी वस्तू उडते तिचे शास्त्र, देखभाल आणि सुरक्षितता ज्याला कळते त्याच्याच हाती ती असावी, हे वायुसेनेचे म्हणणे चूक नव्हते. रणांगणावरच्या सेनापतीला हेलिकॉप्टर हवे असताना ते दुसऱ्या दलाकडे मागावे लागू नये, ते त्याच्याच हाताखाली असावे, हे भूसेनेचे म्हणणेही खरे होते. हल्ला करणाऱ्या जड हेलिकॉप्टरांच्या बाबतीत हा वाद नंतरही बराच काळ चालला. मला स्वतःला भूसेनेची बाजू अधिक पटते, आणि त्याचे कारण सियाचीन हेच आहे. पलटणीच्या दैनंदिन जगण्याशी बांधलेले हेलिकॉप्टर हे पलटणीचेच अंग असले पाहिजे. नव्या शाखेला श्वास घ्यायलाही उसंत मिळाली नाही. पुढच्याच वर्षी श्रीलंकेत शांतिसेना गेली आणि चेतक-चीता तिकडच्या जंगलांवर उडू लागले.

सियाचीनवर मात्र हेलिकॉप्टर आधीपासून होते. वायुसेनेचे चेतक ऑक्टोबर १९७८ मध्ये हिमनदीवर पहिल्यांदा उतरले. १३ एप्रिल १९८४ रोजी सियाचीन ताब्यात घेण्याची मोहीम, ऑपरेशन मेघदूत, सुरू झाली, हेलिकॉप्टरांनी जवानांना बिलाफोंड ला या खिंडीजवळ उतरवले आणि भारतीय सेना हिमनदीच्या पश्चिमेकडच्या साल्तोरो रांगेवर जाऊन बसली. पायी चढून तिथे पोचायला जिथे दिवसच्या दिवस लागतात, तिथे हेलिकॉप्टर काही मिनिटांत पोचवते. पण माणूस एवढ्या झटकन एवढ्या उंचीवर गेला तर त्याच्या फुप्फुसात पाणी भरते, आणि या आजाराला सर्वांत खात्रीचे औषध म्हणजे त्याला खाली आणणे. म्हणून एखाद्या चौकीवरून बिनतारी संदेश आला की जवानाच्या छातीत खरखर ऐकू येते आहे, तर त्या क्षणापासून हेलिकॉप्टर हेच औषध असते. भूसेनेची ६६६ क्रमांकाची स्क्वॉड्रन, जिला सियाचीन फाल्कन्स म्हणतात, ही गेली कित्येक वर्षे याच कामावर आहे.

या फेऱ्या कशा होतात, ते पाहण्यासारखे आहे. शक्यतो दोन यंत्रे जोडीने जातात, म्हणजे एकाला काही झाले तर दुसऱ्याला जागा ठाऊक असते. उड्डाण पहाटे होते, कारण ऊन चढले की हवा आणखी विरळ होते आणि खिंडींतून वारा सुटतो. वरचे हेलिपॅड म्हणजे बर्फ तुडवून केलेला एक चौथरा, त्याच्या कडेला रिकामी पिंपे किंवा जेरीकॅन रोवलेले. ती खूण नसली तर पांढऱ्या जमिनीवर आणि पांढऱ्या आभाळाखाली आपण किती उंच आहोत हे वैमानिकाच्या डोळ्यांना कळत नाही, त्यात पात्यांच्या वाऱ्याने उडालेला भुसभुशीत बर्फ समोरचे सगळे पुसून टाकतो. खाली टेकल्यावर इंजिन बंद करत नाहीत, कारण तिथे ते पुन्हा पेटेल याचा भरवसा नाही. पाती फिरत असतानाच, वाकून आलेले जवान सामान ओढून घेतात, आजाऱ्याला आत सरकवतात, आणि मिनिटाच्या आत यंत्र पुन्हा कड्यावरून खाली झेपावते. कड्यावरून खाली झेपावणे हे सोयीचे असते, कारण वेग आला की पात्यांना हवा मिळते.

१९८७ सालच्या बाना पोस्टच्या लढाईत या फेऱ्यांचे मोल सर्वांत स्पष्ट दिसते. सुमारे ६,५०० मीटरवरच्या कायद पोस्ट नावाच्या पाकिस्तानी चौकीवरून आपल्या सोनम आणि अमर या चौक्या दिसत, आणि या दोन्ही चौक्या सर्वस्वी हेलिकॉप्टरवर जगत होत्या. १८ एप्रिलला कायदवरून झालेल्या गोळीबारात सोनमवरचे दोन जवान मारले गेले. वर शत्रू बसलेला असेल तर जेरीकॅन घेऊन येणारे हेलिकॉप्टरही येणार कसे? चौकी घेतल्याखेरीज गत्यंतर उरले नाही. मे महिन्यात सेकंड लेफ्टनंट राजीव पांडे यांच्या तुकडीने उभ्या बर्फाच्या भिंतीवर दोर बांधले आणि त्यात स्वतः पांडे आणि त्यांचे बहुतेक साथीदार मारले गेले. त्यानंतर मेजर वरिंदर सिंग यांच्या हाताखाली आणखी मोठी तुकडी जमवायची होती, आणि एका फेरीत एखाद-दुसराच माणूस नेता येणाऱ्या चीता हेलिकॉप्टरांनी शेकडो फेऱ्या करून ती जमवली. २६ जूनला नायब सुभेदार बाना सिंग आपल्या मोजक्या साथीदारांसह वर पोचले आणि चौकी घेतली. त्यांना परमवीर चक्र मिळाले आणि शिखराला त्यांचे नाव मिळाले. ते सर्वस्वी योग्यच होते. पण त्या शेकडो फेऱ्यांतल्या प्रत्येकीत दोन वैमानिक होते, त्यांना वर बंदुकीच्या नळ्या रोखलेल्या ठाऊक होत्या, आणि तरी ते पुन:पुन्हा जात राहिले, हेही तितक्याच ठळक अक्षरांत लिहिले गेले पाहिजे असे मला मनापासून वाटते.

याच सोनम चौकीवर ३ फेब्रुवारी २०१६ रोजी बर्फाचा कडा कोसळला आणि मद्रास रेजिमेंटचे दहा जण त्याखाली गाडले गेले. उंची १९,६०० फूट. बर्फ कापण्याची यंत्रे, शोधाची उपकरणे, माणसे आणि डॉट आणि मिशा नावाची दोन कुत्री वर नेली गेली. सहाव्या दिवशी लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पड जिवंत सापडले आणि त्यांना हेलिकॉप्टरने खाली आणून पुढे दिल्लीला नेण्यात आले. ११ फेब्रुवारीला त्यांचे निधन झाले. त्या आठवड्यात आमच्या इमारतीच्या जिन्यात सुभेदार भेटले तेव्हा ते नेहमीप्रमाणे थांबले नाहीत. नंतर एकदा एवढेच म्हणाले, "ताई, ती फेरी कुणी मारली असेल, मशीन कुठलं असेल, रात्री कुणी त्याची तपासणी केली असेल, हे सगळं मला दिसत होतं."

त्यांच्या कामाविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण वैमानिकांची नावे निदान सन्मानपत्रांत येतात, यांची तीही येत नाहीत. आर्मी एव्हिएशनच्या यंत्रांची देखभाल ईएमई कोअरचे, म्हणजे भूसेनेच्या यंत्रदुरुस्ती शाखेचे, तंत्रज्ञ करतात. सुभेदारांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके अजून बधिर आहेत. यंत्रातला महत्त्वाचा प्रत्येक बोल्ट आवळल्यावर त्याच्या डोक्यातून बारीक तार, म्हणजे लॉकवायर, ओवून, ती पीळ देऊन पुढच्या बोल्टला अशी बांधतात की कंपनाने एक सैल व्हायला लागला तर तार दुसऱ्याला ओढून धरते. हे काम जाड हातमोजे घालून होत नाही. उणे तापमानात उघड्या बोटांनी धातूला स्पर्श केला तर कातडी चिकटते, म्हणून ते काही क्षण काम करायचे, हात बगलेत धरायचे, पुन्हा काम करायचे. तारेचा पीळ कोणत्या दिशेला, एका इंचात किती वेढे, हे सगळे ठरलेले असते आणि चुकले तर कापून पुन्हा. मला दाखवायला म्हणून त्यांनी एकदा घरातल्या तारेचा तुकडा घेऊन टेबलाच्या दोन स्क्रूंना तसा पीळ घातला. बधिर बोटांनी घातलेला तो पीळ छापील नक्षीसारखा एकसारखा होता.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती हत्यारांची. प्रत्येक पान्यासाठी फलकावर त्याच्याच आकाराची रिकामी जागा रंगवलेली असते. काम संपले की प्रत्येक जागा भरलेली दिसली पाहिजे. एक छोटा स्क्रूड्रायव्हर कमी पडला तर ते यंत्र उडत नाही, मग वरून कोणाचाही संदेश असो, कारण तो स्क्रूड्रायव्हर नियंत्रणाच्या दांड्यांत अडकला असेल तर दोन माणसे मरतील. अशा एका पहाटे वर आजारी जवान होता, वैमानिक तयार होते आणि एक पाना सापडत नव्हता. तो बर्फात पडलेला सापडेपर्यंत जो वेळ गेला तो सुभेदार आजही मोजतात. जवान वाचला. "साहेब काही बोलले नाहीत," ते म्हणाले. "नोंदवहीत माझी सही बघितली आणि आत बसले. माझ्या सहीवर बसले, असं म्हणा."

ठाणे जिल्ह्याने हेलिकॉप्टरचे हे रूप अलीकडेच जवळून पाहिले आहे. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, तेव्हा सुमारे १,०५० प्रवाशांपैकी बहुतेकांना बोटींनी बाहेर काढले गेले, पण हेलिकॉप्टरेही मदतीला धाडली गेली. त्यानंतर आठ दिवसांनी, ४ ऑगस्टला, खडवलीजवळच्या जू नांदखुरी गावाला पाण्याने वेढले. गावकरी छपरांवर चढून बसले होते आणि वायुसेनेच्या एमआय-१७ हेलिकॉप्टरने ५८ जणांना उचलून सुरक्षित जागी आणले. ही यंत्रे भूसेनेची नव्हती, एमआय-१७ चीताच्या कितीतरी पट मोठे आहे, आणि खडवलीची उंची सोनमच्या पासंगालाही पुरणार नाही. तरी छपरावरून लहान मूल वर घेतले जात असताना खाली पात्यांचा वारा, उडणारे पत्रे आणि विजेच्या तारा सांभाळत एका जागी स्थिर राहणाऱ्या वैमानिकाचे कसब तेच. विमानाला हे जमत नाही. एका ठिकाणी थांबता येणे, हा हेलिकॉप्टरचा सर्वांत मोठा गुण आहे आणि त्यात इंजिनाची सर्वाधिक शक्ती खर्च होते.

या शाखेचे प्रशिक्षण नाशिक रोडला होते, हे महाराष्ट्राच्या दृष्टीने अभिमानाचे आहे. कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल तिथे २००३ मध्ये उभे राहिले आणि गांधीनगरच्या धावपट्टीवरून उडणारी चेतक-चीता नाशिककरांच्या रोजच्या पाहण्यातली आहेत. याच शाळेतून मे २०२२ मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक या भूसेनेच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक म्हणून बाहेर पडल्या. सुभेदारांची नात तेव्हा आठवीत होती. तिने तो फोटो कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आणि आजोबांना विचारले की हेलिकॉप्टर दुरुस्त करणाऱ्यांतही मुली असतात का. आजोबांनी तिला लॉकवायरचा पीळ शिकवायला घेतला.

दरम्यान कोअरकडे शस्त्रे आली. ध्रुव या देशी हेलिकॉप्टरवर तोफ आणि रॉकेट बसवून केलेले रुद्र २०१३ पासून मिळू लागले. कारगिलच्या लढाईत वायुसेनेचे एमआय-१७ तोलोलिंगवर रॉकेट टाकायला गेले असता २८ मे १९९९ रोजी पाडले गेले आणि चौघे मारले गेले. तेवढ्या उंचीवर लढू शकणारे खास हल्ल्याचे हेलिकॉप्टर आपल्याकडे नव्हते, या जखमेतून प्रचंड हे हलके लढाऊ हेलिकॉप्टर घडले, आणि भूसेनेने त्याची पहिली स्क्वॉड्रन २०२२ मध्ये उभारली. जुलै २०२५ मध्ये हल्ला करणारी पहिली तीन अमेरिकी अपाचे हेलिकॉप्टरे भूसेनेसाठी दिल्लीजवळच्या हिंडन तळावर उतरली. ही सगळी यंत्रे हवीत, त्यांचे स्वागतच आहे. वर्तमानपत्रांत त्यांची मोठी छायाचित्रे आली.

चीताचे मात्र तसे छायाचित्र क्वचितच येते, आणि येते तेव्हा बहुधा अपघाताच्या बातमीसोबत. १ ऑक्टोबर २०१४ रोजी बरेलीला चीता कोसळून भूसेनेचे तीन अधिकारी मृत्युमुखी पडले. त्यानंतर सेनाधिकाऱ्यांच्या पत्नींनी एकत्र येऊन ही जुनी हेलिकॉप्टरे थांबवावीत अशी मागणी लावून धरली आणि २०१५ मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांची भेट घेतली. सेनेच्या शिस्तीत वाढलेल्या कुटुंबांनी असे उघडपणे पुढे येणे ही लहान गोष्ट नाही. मी सुभेदारांना विचारले की यंत्र एवढे जुने झाले आहे, मग दोष कुणाचा. त्यांनी यंत्राला दोष दिला नाही. १९६९ साली जे उडाले त्याच्यात एकच इंजिन आहे, वैमानिकाला डोळ्यांनीच सगळे पाहावे लागते, ढगात शिरल्यावर वाट दाखवणारी आधुनिक साधने त्यात मुळात नव्हतीच, हे त्यांनी शांतपणे सांगितले. "आम्ही त्याला उडतं ठेवलं," ते म्हणाले, "पण ताई, आम्ही त्याला तरुण कसं ठेवणार?"

त्याच्या जागी येणारे हेलिकॉप्टर तयार आहे. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे लाइट युटिलिटी हेलिकॉप्टर ६ सप्टेंबर २०१६ रोजी पहिल्यांदा उडाले, २०२० मध्ये त्याने लडाखमधल्या लेह आणि दौलत बेग ओल्डीपासून सियाचीनच्या उंच हेलिपॅडपर्यंत चाचण्या दिल्या, २०२१ मध्ये भूसेनेच्या आवृत्तीला प्राथमिक मान्यता मिळाली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ते बनवण्याचा कर्नाटकातल्या तुमकुरूचा कारखाना सुरू झाला. त्याआधी रशियाच्या कामोव्ह-२२६ या हेलिकॉप्टरसाठीची बोलणी कित्येक वर्षे रेंगाळली होती. एवढ्या सगळ्या काळात चीता पहाटे उठून उडतच राहिले. मला यात वेळापत्रकाचा प्रश्न दिसत नाही, क्रमाचा दिसतो. शत्रूवर मारा करणारे यंत्र आधी आणि आपल्या जवानाला खाली आणणारे यंत्र नंतर, असा क्रम नकळत लागला आहे आणि तो उलटा व्हायला हवा. तुमकुरूहून बाहेर पडणारी पहिली हेलिकॉप्टरे संचलनात किंवा प्रदर्शनात फिरण्याआधी सियाचीनवरच्या स्क्वॉड्रनला मिळावीत, त्यांच्यासोबत सुटे भाग आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ आधी जावेत, आणि एका फेरीत सोनमवर एकाऐवजी दोन-तीन जेरीकॅन उतरतील इतकी ताकद त्यांच्यात टिकते आहे का, हे दरवर्षी मोजले जावे.